वाटेत राहिलेला रंग

बाळ झोपल्याशिवाय तपासणी होणार नव्हती, आणि बाळाला तर आज सगळं जग एका दमात पाहून घ्यायचं होतं. यंत्राचे लाल-हिरवे दिवे, भिंतीवरचं घड्याळ, तपासणाऱ्या मुलीच्या गळ्यातलं ओळखपत्र. चांदीताईंची सून बाळाला खांद्यावर घेऊन त्या चिंचोळ्या खोलीत फेऱ्या मारून दमली. मुलाने हातात घेतलं, तर ती त्याच्या नाकावर चापट्या मारत हसायला लागली. शेवटी चांदीताईंनी हात पुढे केले.

त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं, हनुवटी तिच्या टाळूवर टेकवली आणि हलक्या आवाजात अंगाई सुरू केली. दुसऱ्या कडव्यापर्यंत पापण्या जड झाल्या, तिसऱ्याला मान पडली. चांदीताईंनी सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात गेल्या दोन महिन्यांचा वाद होता. सून म्हणायची, मागून हाक मारली तर पोर वळत नाही. चांदीताई म्हणायच्या, ऐकू येत नसतं तर अंगाईने झोपली असती का? पहिलटकरणीला काय, वाऱ्यातसुद्धा दुखणं दिसतं.

चांदीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कपाळाच्या मधोमध, केस सुरू होतात तिथून मागे गेलेली एक पांढरीशुभ्र बट त्यांना जन्मापासून होती. बाकीचे केस काळेभोर आणि मध्येच चांदीची तार ओढल्यासारखी ती रेघ. याच रुग्णालयात तळमजल्यावर जिन्यामागच्या टेलिफोनच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. झाडणाऱ्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना चांदीताईच म्हणत. त्यांच्या वडिलांना ती बट होती. मुलालाही होती, पण तो भांग फिरवून झाकायचा. नात जन्मली तेव्हा तिच्या कपाळावर कापसाच्या बोंडासारखा पांढरा झुबका, आणि डोळे तर असे फिकट निळे की आरपार दिसेल असं वाटावं. त्या दिवशी चांदीताईंनी एकेक वॉर्ड जोडून बातमी दिली होती. "आमच्याच टांकसाळीतलं नाणं आहे, छाप बघून जा," असं म्हणाल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावरच्या परिचारिका खरंच बघून गेल्या होत्या.

तपासणाऱ्या मुलीने बाळाच्या कपाळावर आणि कानामागे बारीक तारा चिकटवल्या, कानांत मऊ बोंडं बसवली. यंत्र कानात आवाज सोडणार, आणि मेंदूपर्यंत तो पोचला की पडद्यावर लाट उमटणार, असं तिने समजावून सांगितलं. मग ती आवाज वाढवत गेली. पडद्यावर एक रेघ होती, जराशी थरथरणारी, पण रेघच. चांदीताईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना आवाज कळत. फोनवरच्या पहिल्या शब्दावरून त्या ओळखत, हा माणूस आनंदाची बातमी द्यायला जोडून मागतोय की दुसरी. मुलगी वळली आणि म्हणाली, "डॉक्टरांना भेटून घ्या," आणि तिच्या आवाजात ती दुसरी बातमी होती.

कानाच्या डॉक्टरीणबाईंचे फोन चांदीताईंनी वर्षानुवर्षं जोडले होते, पण समोरासमोर बसायची वेळ आली नव्हती. बाईंनी कागद बाजूला ठेवला. दोन्ही कानांतून काहीही पोचत नाही, हे त्यांनी आधी स्वच्छ सांगून टाकलं. सुनेने बाळाला आणखी जवळ घेतलं, बाकी ती हलली नाही. मग बाईंनी बाळाच्या कपाळावरचा झुबका बोटाने विंचरला, मुलाला केस मागे घ्यायला सांगितले, आणि शेवटी त्यांची नजर चांदीताईंच्या बटेवर येऊन थांबली.

"घरात आणखी कुणाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं?"

मुलगा म्हणाला, नाही, कुणालाच नाही. बाई अजून चांदीताईंकडेच पाहत होत्या.

"माझा धाकटा भाऊ," चांदीताई म्हणाल्या. "डोळे अगदी हिच्यासारखे."

मुलगा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. "आई, तुला भाऊ होता?"

होता. विशीच्या आत तापाने गेला. तो गेल्यावर त्यांच्या आईने त्याचे कपडे देऊन टाकले, फोटो ट्रंकेच्या तळाशी घातला आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. आई काढत नाही म्हणून चांदीताईंनीही काढला नाही, आणि न बोलण्याची सवय अशी अंगवळणी पडली की लग्न झालं, मुलगा झाला, तरी ती सुटली नाही. भावाला सगळे मुक्या म्हणत. शाळेत गुरुजी विचारत, तो नुसता हसे, आणि हसतो म्हणून मार खाई. वडिलांना बरीच वर्षं तो हट्टीपणा वाटला, नंतर नशीब वाटलं. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, फोनवर निरोप द्यावा तसं.

बाईंनी सुनेच्या छातीवर पालथं निजलेल्या बाळाच्या पाठीवर, मणक्याच्या रेषेवर बोट ठेवलं.

"पोटात बाळ तांदळाच्या दाण्याएवढं असतं ना, ताई, तेव्हा इथे, या रेषेवर काही पेशी जन्म घेतात. रंग तयार करणाऱ्या. त्या इथेच बसत नाहीत, चालत निघतात." बाईंचं बोट खांद्यावरून, मानेवरून हळूहळू वर गेलं. "कातडीत जातात, केसांच्या मुळांशी जातात, डोळ्यांच्या बाहुलीभोवती जातात. आपण काळे, गोरे, सावळे, ते सगळं यांचं काम. ऊन अंगावर घ्यायचं आणि आतल्या पेशींना वाचवायचं, तेही यांचंच. तुमच्या घराण्यात यांतल्या काही वाटेत राहतात. कपाळापर्यंत नाही पोचल्या, तर बट पांढरी. डोळ्यांत नाही पोचल्या, तर डोळे निळे."

"पण कान?" सून पहिल्यांदाच बोलली. "कानाला कशाला हवा रंग?"

"नकोच असतो. कानाच्या आत मिट्ट काळोख. तरीसुद्धा काही पेशी तिथवर जातात, अगदी आतल्या शंखात. तिथे त्या रंगवत काहीच नाहीत. त्या शंखात पाणी असतं, त्या पाण्यात विजेसारखा जोर टिकवून धरतात. तो जोर असला तर आवाज पुढे जातो. नाहीतर दारातच पडून राहतो."

चांदीताईंच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे लाइन आहे, पण करंट नाही."

"बरोबर. आणि हिची लाइन चांगली असणार, म्हणूनच आशा आहे." वर्षाची झाली की शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवता येईल, त्याआधी काय काय तपासावं लागेल, हे बाईंनी सविस्तर सांगितलं. तोवर तिच्या समोर येऊन बोला, चेहऱ्याने बोला, हातांनी बोला, म्हणाल्या. सुनेने विचारलं, आपण दिवस असताना काही चुकीचं खाल्लं, एखादी गोळी घेतली, त्यामुळे का? बाईंनी मान हलवली. हे घडलं तेव्हा दिवस गेलेत हे तुम्हालाही नीट माहीत नसेल, म्हणाल्या.

आणि उठता उठता त्यांनी मुलाला आणि चांदीताईंनाही कान तपासून घ्यायला सांगितलं.

मुलाचे दोन्ही कान ठणठणीत निघाले. मग चांदीताई त्या जाड दाराच्या पेटीवजा खोलीत जाऊन बसल्या. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानात शिट्टी आली, मग लांबची शिट्टी, मग डासाच्या पंखाएवढी. त्यांनी सगळ्या टिपल्या. जन्मभर कानावर पोट भरलेल्या बाईला त्यात काय अवघड. मग सगळं शांत झालं. त्या वाट बघत बसल्या. काचेपलीकडे ती मुलगी मान खाली घालून काहीतरी फिरवत होती. यंत्र बिघडलं असेल, असं वाटून चांदीताईंनी चष्मा पुसला, परत लावला. शेवटी त्यांनी हेडफोन काढला आणि दार ढकललं.

"अगं, उजव्या बाजूचं सुरू करायचं राहिलं वाटतं."

"उजवंच चाललं होतं, ताई," मुलगी म्हणाली. "इतका वेळ."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला कधीच जाणवलं नाही का? चांदीताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. जाणवलं नव्हतं असं नाही. पण उजव्या हाताने लिहिता येतं आणि डाव्याने येत नाही, याचं कुणाला नवल वाटतं? तसा आपला डावा कान चालता, एवढंच त्यांना वाटे. सगळ्यांचं असंच असणार. दोन्ही कानांनी ऐकणं म्हणजे कसं, हे त्यांना अजूनही कळत नव्हतं, आणि आता विचारलं तरी कुणी सांगू शकलं नसतं.

मुलाला आणि सुनेला त्यांनी पुढे धाडलं. टेलिफोनच्या खोलीतली त्यांची पाळी सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून त्या बाह्यरुग्ण विभागासमोरच्या बाकावर टेकल्या. समोरून रोजच्यासारखी माणसं जात होती. ढकलखुर्ची ढकलणारा मदतनीस, त्याचे उन्हाने करपलेले हात. एक म्हातारी, गालावर तीळच तीळ. आईच्या कडेवरचं एक पोर, पापण्या इतक्या काळ्या की काजळ घातल्यासारख्या. एक पोरगेलासा डॉक्टर, भुवया मध्ये जुळलेल्या. रोज ही सगळी नुसती माणसं असत. आज चांदीताईंना दुसरंच दिसत होतं. या प्रत्येकाच्या पाठीतून, तो तांदळाएवढा असताना, कुणीतरी अंधारात चालत निघालं होतं. दिवा नाही, वाटाड्या नाही. आणि ते पोचले होते. त्या मदतनिसाच्या मनगटापर्यंत पोचले, म्हातारीच्या गालावर पोचले, त्या पोराच्या एकेका पापणीच्या मुळाशी जाऊन बसले. काही तर कानाच्या शंखात शिरले, जिथे त्यांचा रंग कुणी कधी बघणार नव्हतं, आणि तिथे बसून मुकाट्याने काम करत राहिले. हजारो माणसं या दारातून आत-बाहेर करतात आणि बहुतेक सगळ्यांमध्ये ते बिनबोभाट पोचलेले असतात. याला काय म्हणावं? चांदीताईंना छातीत काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटलं. देवळात जाऊनही त्यांना कधी असं वाटलं नव्हतं.

त्यांनी कपाळावरच्या बटेला हात लावला. आजवर ती त्यांना शोभेची वस्तू वाटत आली होती. तिथे कुणीतरी यायचं होतं, आलं नाही, त्या रिकाम्या जागेला आपण जन्मभर मिरवलं.

टेलिफोनच्या खोलीत त्यांची खुर्ची भिंतीला उजवा खांदा लावून होती, दार डाव्या हाताला. ती तशी कुणी आणि का ठेवली, हेही आज त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनीच ठेवली होती, पहिल्याच आठवड्यात. सकाळपाळीची बाई उठून गेल्यावर त्यांनी एकच कानगोळा असलेला तो हेडफोन घेतला आणि सहज उजव्या कानावर चढवला. फलकावर दिवा लुकलुकायला लागला. कुणीतरी बोलत होतं, नक्कीच बोलत होतं. दिवा लुकलुकत होता आणि दुसरं काहीच नव्हतं.

आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना नवरा आठवला.

तो अबोल माणूस. कारखान्यातून आला की जेवायचा, पेपर वाचायचा. बोलायचा तो दिवा मालवल्यावर, अंथरुणात. जन्मभर तो त्यांच्या उजव्या अंगाला झोपला. त्यांना तर डाव्या कुशीवर, चालता कान उशीत रुतवून झोपायची सवय. कधी सकाळी तो म्हणे, काल तुला सगळं सांगितलं की. त्या म्हणत, कधी? तो हसून म्हणे, तुझी झोप म्हणजे कुंभकर्णाची. पुढे पुढे त्याने ते म्हणणंही सोडलं. एकदा फार मोठं भांडण झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, जणू कशाचं तरी उत्तर हवंय. त्या रागातच होत्या, चहाचा कप आदळून निघून गेल्या. रात्री तो त्यांच्या पाठीशी काय बोलला होता, माफी मागितली होती की आणखी काही, ते आता विचारायला तो नव्हता.

चांदीताईंनी हेडफोन काढून डाव्या कानावर लावला. "हं, बोला," म्हणाल्या. पलीकडच्या माणसाला हाडांचा विभाग हवा होता. त्यांनी जोडून दिला.

घरात पुढचे काही दिवस जड गेले. सुनेच्या आईचा फोन आला, तो सुनेने स्पीकरवर घेतला. लग्नाआधी सांगायला हवं होतं, एवढंच त्या बोलल्या, पण ते चांदीताईंनी शेजारच्या खोलीतून ऐकलं, आणि यात खोटं काही नाही हेही त्यांना कळलं. त्या स्वतःहून सुनेपुढे जाईनात. नातीला घेतलं तरी पूर्वीसारखं मिरवून घेईनात. अंगाई म्हणायला तोंड उघडत आणि मध्येच थांबत. पोर मात्र छातीला गाल चिकटवून वाट बघायची. ती ऐकत नव्हती, पण आजीच्या छातीतली थरथर तिला हवी होती. हे कळल्यावर चांदीताईंनी एकदा पदरचं सगळं धैर्य गोळा करून पूर्ण अंगाई म्हटली, आणि दोन्ही डोळे पुसले.

त्या संध्याकाळी त्या ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. सून आत आली. रोजच्या जागी उभी राहायला गेली, थबकली, आणि वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

"आई, एक सांगू? लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्या त्या बाजूला उभी राहून बोलतेय. पहिल्या वर्षी तर माहेरचं, ऑफिसातलं, किती काय काय सांगायचे. तुम्ही हूं का चूं करायचा नाहीत. मग मी बोलणंच सोडलं. म्हटलं, यांना मी आवडले नाही."

चांदीताईंची सुरी हातातच राहिली. "आणि मी म्हणत होते, पोरगी भारी घुमी आहे. मुलाने निवडली, आपण काय बोलणार."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आधी सुनेला हसू फुटलं, मग चांदीताईंना. आणि हसता हसताच सुनेचा बांध फुटला. दवाखान्यात न आलेलं रडू आता आलं. चांदीताईंनी ओले हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले.

"माझ्यामुळे झालं गं पोरीचं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही अडवून ठेवल्या होत्या का त्या पेशी?" सून नाक ओढत म्हणाली. "वाटेत राहिल्या. बिचाऱ्या."

पुढे दोघींनी मिळून भाजी टाकली. सून बोलत होती आणि चांदीताईंना सगळं ऐकू येत होतं. खूप काही बोलायचं साठलं होतं.

जेवायच्या आधी बाळ सतरंजीवर बसून डबीचं झाकण चोखत होतं. बाहेर अजून उजेड होता. मुलगा कामावरून येऊन नुकताच दारात टेकला होता. सुनेने एकदम विचारलं, "आई, मामा तुमच्याशी कसे बोलायचे? म्हणजे काहीतरी असेलच ना तुमचं?"

चांदीताई म्हणाल्या, होतं काहीबाही, आता कुठलं आठवायला. पण त्या सतरंजीवर बसल्या, हात मांडीवर घेतले, आणि हातांना आठवायला लागलं. दोन बोटं तळहातावर पळवली, म्हणजे चल खेळू. मिशीला पीळ दिला, म्हणजे बाबा आले. शाळा म्हणजे पुढे केलेल्या तळव्यावर छडी. हे दाखवताना त्या क्षणभर थांबल्या. मग तर्जनी कपाळावरून मागे ओढली, बटेवरून. ती मी, म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला या नावाने कुणी हाक मारली नाही.

मुलाने दारातूनच तसं बोट ओढून पाहिलं, आधी आईकडे बघत, मग स्वतःच्या कपाळावरून.

"आणि त्यांचं?" सुनेने विचारलं. "त्यांचं नाव काय होतं?"

चांदीताईंनी बोट वर केलं, खिडकीबाहेरच्या आभाळाकडे, आणि तेच बोट खाली आणून आपल्या डोळ्याखाली टेकवलं. त्यानेच पाडलं होतं, म्हणाल्या, आरशात बघून.

बाळाने झाकण तोंडातून काढलं. आधी तिने आजीच्या बोटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा बोटाकडे.

चांदीताईंनी तिच्यासाठी ते नाव पुन्हा एकदा घेतलं, सावकाश.